दगडाची पाटी कोरी नसते

ईद होते, परीक्षा संपतात आणि आपल्या घरांत सहलीचे बेत सुरू होतात. मराठवाड्यातली कुटुंबे जियारतीसाठी खुलदाबादला गेली, की पुढे वेरूळ, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा असे करत करत एखादे कुटुंब अजिंठ्यापर्यंतही पोहोचते. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या माणसांना लांब जाणे जमले नाही, तर ती सिद्धेश्वर धरणावर येतात. चटया अंथरल्या जातात, डबे उघडतात, मुले पाण्याकडे धावतात. संध्याकाळी सगळे घरी परततात आणि खडकावर मागे राहतो एक बदाम, दोन नावे आणि तारीख.

अलीकडे मात्र बदामावर भागत नाही. कुणी खडकावर ऑइल पेंटने मोठे पंख काढतो, म्हणजे त्यापुढे उभे राहून फोटो घेता यावा. कुणी दगडावर दगड रचून मनोरे उभे करतो. कुणी किल्ल्याच्या तटावर आपल्या मंडळाचे चिन्ह रंगवतो. हटकले तर उत्तर तयार असते, “मॅडम, आम्ही घाण थोडीच करतोय? ही तर कला आहे.”

या महिन्यात या उत्तराचाच विचार करू. रानात, डोंगरावर, हजारो वर्षांच्या खडकांवर आणि जुन्या वास्तूंच्या परिसरात माणसाने कला करावी की नाही? सजीवांची चित्रे काढावीत की नाही, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आपल्या घरांत आपापली मते आहेत. आजचा प्रश्न चित्राचा कमी आणि जागेचा जास्त आहे.

वर्गात हा प्रश्न निघाला तर “करू नये” असे एका शब्दात सांगून मोकळे होणे शिक्षकाला सोपे असते. पण हुशार मूल लगेच विचारते, मग वेरूळ कुणी केले? आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी एक अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला आणि कैलास लेणे घडवले. त्या वेळी तोही डोंगरच होता. तेव्हा कुणी “डोंगराला हात लावू नका” म्हटले असते, तर आज आपण तिकीट काढून काय पाहिले असते? मुलाचा हा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर द्यायचे, तर आधी जुन्या माणसांनी काय केले ते नीट पाहायला हवे.

कोकणच्या सड्यावर

आपल्या राज्यातले याचे एक फार जुने उदाहरण कोकणात आहे. रत्नागिरी, राजापूर, लांजा, मालवण या भागांतले आपले वाचक सड्याला ओळखतातच. जांभ्या दगडाची उघडी, सपाट माळराने. उन्हाळ्यात तापलेली, पावसाळ्यात रानफुलांनी भरलेली. या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी जमिनीतच चित्रे कोरून ठेवली आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. हत्ती, वाघ, मासे, पक्षी, माणसे आणि आज ज्यांचा अर्थ लावता येत नाही अशा चौकोनी नक्ष्या. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती तर साधारण १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. काही ठिकाणी गेंडा दिसतो. आज कोकणात गेंडा नाही. म्हणजे कोरणाऱ्याने जे कोरले, ते पाहणारा जग बदलून गेल्यावर आलेला आहे.

त्यांचा नेमका काळ कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही, पण ती इतिहासपूर्व काळातली आहेत, असे बहुतेक मानतात. गावातल्या माणसांना त्यांतली काही चित्रे आधीपासून ठाऊक होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई अशा मंडळींनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून त्यांची नोंद केली, तेव्हा त्यांचा पसारा जगाला कळला. २०२२ साली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसईमळ अशा नऊ ठिकाणांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

आता यातली गंमत पाहा. ही शिल्पे भिंतीवर नाहीत, पायाखाली आहेत. त्यांतल्या अनेकांभोवती दरवाजा नाही, पाटी नाही. माहिती नसलेला माणूस त्यांच्यावरून गाडी नेतो, चिरेखाण काढतो, रस्ता करतो. २०२३ मध्ये बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि आंदोलन पेटले, तेव्हा या शिल्पांचे काय होणार हा प्रश्नही वर्तमानपत्रांत आला. मोठ्या प्रकल्पाची भीती सगळ्यांना दिसते. पण समजा एखाद्या हौशी चित्रकाराने अशाच सड्यावर, “जुन्या माणसांना सलाम” म्हणून, शेजारीच एक नवा हत्ती कोरला. हेतू चांगला, हातही चांगला. पाच पावसाळ्यांनंतर तो नवा हत्ती काळवंडेल, त्यावर शेवाळ चढेल. मग पुढच्या अभ्यासकाने जुने कोणते आणि नवे कोणते हे कसे ओळखायचे? ज्या पुराव्यावरून माणसाचा इतिहास वाचायचा, त्यातच भेसळ झाली. दुधात पाणी घालणारा निदान आपण काय करतो ते जाणून असतो.

जुन्या माणसांच्या बाबतीत ही अडचण नव्हती. त्यांना सडा मोकळा मिळाला होता. आपल्याला तो भरलेला मिळाला आहे.

चाकू आणि कुंचला

अजिंठ्याची गोष्ट तर आपल्या घरची आहे, कारण मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना या लेण्यांची जबाबदारी हैदराबादच्या सरकारकडे होती. १८१९ साली मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला म्हणून वाघूर नदीच्या दरीकडे आला आणि त्याला डोंगरात लेण्याची कमान दिसली. स्थानिक माणसांना ही लेणी ठाऊक होती, पण इंग्रजांच्या कागदांत ती तेव्हा आली. स्मिथ दहाव्या लेण्यात शिरला. आत दगडमातीचा ढीग साचला होता. त्या ढिगावर उभे राहून त्याने एका खांबावरच्या रंगवलेल्या आकृतीवर चाकूने आपले नाव, आपले घोडदळ आणि तारीख कोरली: २८ एप्रिल १८१९. पुढे ढीग उपसला गेला. आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर आहे आणि दोनशे वर्षांनंतरही वाचता येते.

त्याच लेण्यांत पुढे आणखी काही माणसे आली. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अनेक वर्षे तेथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ च्या आगीत गेल्या. नंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी पुन्हा नकला करून घेतल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखे तरुण चित्रकार आले आणि हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे दोघे आले. आपल्या मुलांना जॉन स्मिथचे नाव ठाऊक असते, कारण प्रत्येक गाइड ते दाखवतो. सय्यद अहमद यांचे नाव मात्र घरात कुणाला विचारून पाहा.

हैदराबाद राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते सुरू झाले. गुलाम यझदानी त्याचे प्रमुख होते. त्यांच्या काळात, १९२० मध्ये, इटलीहून जाणकार बोलावून चित्रे साफ करण्याचे आणि सुटलेले थर भिंतीला पुन्हा बसवण्याचे काम झाले. यझदानींनी अजिंठ्यावर छायाचित्रांसह मोठा ग्रंथ चार भागांत काढला. पहिला भाग १९३० चा आणि शेवटचा १९५५ चा. एका माणसाच्या आयुष्यातली पंचवीस वर्षे दुसऱ्यांनी, वेगळ्या धर्माच्या आणि वेगळ्या काळाच्या माणसांनी, काढलेली चित्रे जपण्यात गेली.

या इतिहासात सगळेच शहाणे होते असे नाही. नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश फासले. ते पुढे पिवळे पडले, काळपट झाले, त्याचे पापुद्रे निघू लागले. म्हणजे प्रेमानेही नुकसान होते. स्मिथचा चाकू आणि हे वार्निश यांत हेतूचा फरक मोठा आहे, पण भिंतीला त्या फरकाचा उपयोग झाला नाही. ज्यांनी कागदावर, कापडावर काम केले आणि भिंतीला हात लावला नाही, त्यांची कलाच तेवढी बिनधोक ठरली.

पण मग आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो टाळू नये. खुद्द दहाव्या लेण्यात जुन्या चित्रांच्या वर नवी चित्रे आहेत. आधीची चित्रे इसवी सनापूर्वीची आणि त्यांच्या जोडीला, काही ठिकाणी त्यांच्यावरच, पाचव्या शतकातल्या भिक्षूंच्या काळातली. मग त्यांनी तरी जुन्यावर नवे काढलेच ना? काढले. पण ते तेथे राहत होते. ती त्यांची प्रार्थनेची जागा होती. गळते छप्पर त्यांनाच सावरायचे होते. घरात राहणारा माणूस दिवाणखान्याला नवा रंग देतो, त्याला आपण काही म्हणत नाही. पाहुण्याने मात्र चहा पिऊन जाताना भिंतीवर चित्र काढले, तर? आपण या सगळ्या ठिकाणी पाहुणे आहोत. यजमान केव्हाच निघून गेले आहेत, म्हणून पाहुण्याची जबाबदारी कमी होत नाही. उलट वाढते, कारण आता रागावणारे कुणी नाही.

वाळवंटातले एक नाव

एखादा वाचक म्हणेल, पण खडकावर कोरलेली नावेसुद्धा पुढे इतिहास होतात! बरोबर आहे. सौदी अरबस्तानात अल-उला जवळ, अल-हिज्रच्या परिसरात, जुन्या वाटेवरच्या खडकावर जुहैर नावाच्या माणसाने कोरलेल्या ओळी आहेत. हजरत उमर (रजि.) यांचे निधन झाले तेव्हा आपण हे लिहिले, असे तो सांगतो आणि हिजरी सन २४ ची नोंद करतो. वर्ष कोरलेला इतका जुना इस्लामी शिलालेख क्वचितच सापडतो. म्हणून युनेस्कोने २००३ मध्ये जगाच्या स्मृतिनोंदीत त्याचा समावेश केला. अरबी अक्षरांवर नुक्ते कसे देत, हेही त्यावरून अभ्यासकांना कळते.

मग जुहैरचे नाव ठेवा म्हणायचे आणि आजच्या पोराचे पुसा म्हणायचे, हा कुठला न्याय? न्याय असा की, जुहैरने दुसऱ्याच्या कामावर लिहिले नाही. वाटेवरचा मोकळा खडक घेतला. त्याच्याजवळ कागद, कॅमेरा, फोन काही नव्हते. त्या दिवशीची मोठी बातमी टिकवायची तर खडकाशिवाय साधन नव्हते. आणि त्या वाटेने तेव्हा मोजकी माणसे जात. आज एखाद्या प्रसिद्ध ठिकाणी वर्षाला लाखो माणसे जातात. प्रत्येकाने फक्त आपले पहिले अक्षर कोरले, तरी दहा वर्षांत खडक दिसायचा नाही. एकाने केले तर आठवण आणि सगळ्यांनी केले तर नासधूस, असे काही गोष्टींचे असते. अशा गोष्टी एकालाही करू द्यायच्या नसतात, कारण त्या एकाला वेगळी परवानगी द्यायची ती कोणत्या हिशेबाने?

अल-हिज्र आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगर कोरून घरे करणाऱ्या समूद लोकांचा उल्लेख कुरआनात येतो आणि त्या ठिकाणाच्या नावाची सूरतही आहे. तबूकच्या मोहिमेवर जाताना प्रेषितांनी (स.) सोबत्यांना तेथून इबरत घेत, नम्र मनाने पुढे जायला सांगितले होते. आज तेथे उभ्या असलेल्या, खडकात कोरलेल्या १११ मोठ्या कबरी नबाती लोकांच्या आहेत. २००८ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत गेले. सौदी अरबस्तानातले ते पहिलेच.

याच अल-उलाच्या दऱ्यांत २०२० पासून आधुनिक कलाकृतींची प्रदर्शने भरू लागली आहेत. पहिल्या प्रदर्शनात मनाल अल-दुवैयान या सौदी कलावतीने वाळूत गोल ट्रॅम्पोलिन बसवल्या होत्या. लांबून त्या पावसानंतरच्या डबक्यांसारख्या दिसत. पाणी आहे असे वाटायचे आणि जवळ गेल्यावर नसायचे. वाळवंटातले जमिनीखालचे पाणी संपत चालले आहे, हे सांगायला यापेक्षा जास्त बोलावे लागत नाही. ती कला तेथेच असायला हवी होती. रियाधच्या एखाद्या दालनात तिचा अर्थ निम्मा झाला असता. म्हणून “रानात कला नकोच” असे मला म्हणता येत नाही.

पण आता तेथे “वादी अल-फन्न” म्हणजे कलेची दरी या नावाने सुमारे ६५ चौरस किलोमीटरचा परिसर आखला गेला आहे आणि त्यात कायमच्या, प्रचंड आकाराच्या कलाकृती उभ्या राहायच्या आहेत. मोठे नामवंत कलाकार त्यात आहेत. जुन्या कबरींना कुणी हात लावणार नाही, हे खरे. तरी “कायमच्या” या शब्दापाशी मन अडते. ती दरी हजारो वर्षे जशी होती तशी पाहण्याचा हक्क आपल्या नातवंडांनाही आहे. त्यांना आपली आवड आवडली नाही, तर त्यांनी काय करायचे?

काळ्या खडकावरचा मासा

आता घरी येऊ. सिद्धेश्वर जलाशयाच्या काठचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. अजिंठा आणि वेरूळ ज्या दगडात कोरले, तोच हा दगड. आमच्याकडे त्याचे कुणाला अप्रूप नाही, कारण तो रोजचा आहे.

आमच्या आठवीच्या मुलांनी एकदा ठरवले की २२ मार्चच्या जलदिनानिमित्त काठावरच्या मोठ्या खडकावर एक भलामोठा रंगीत मासा काढायचा आणि खाली “पाणी वाचवा” असे मराठीत आणि उर्दूत लिहायचे. चित्रकलेत हुशार मुले, स्वतःच्या खाऊच्या पैशांतून रंग आणायला तयार. मी त्यांना परवानगी दिली नाही, नकारही दिला नाही. आधी जागा बघून येऊ, असे ठरले.

वाटेत एका मुलीने मला अडवले. “मॅडम, सरकारनं एवढं धरण बांधलं, पूर्णा नदी अडवली, जमिनी बुडवल्या, ते चालतं. आमचा एक मासा चालत नाही?” प्रश्न ऐकून बरे वाटले. तिला सांगितले, की धरण गरजेसाठी झाले. शेताला पाणी हवे होते. तरीही त्याची किंमत कुणीतरी मोजलीच. १९६८ मध्ये धरण पूर्ण झाले, त्याआधी ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांना विचारले तर ते सांगतील. एवढी मोठी गरज असतानाही ज्याची किंमत मोजावी लागते, ते आपण हौसेसाठी करताना निदान किंमत कुणाकडून वसूल होणार, एवढे तरी विचारावे.

उत्तर खडकापाशीच मिळाले. तेथे एक वयस्कर भोई दादा जाळी पसरत होते. मुलांनी त्यांना माशाचा बेत सांगितला. ते हसले आणि म्हणाले, “काढा की. पण ह्याच दगडावर आमची जाळी वाळत्यात. तुमचा रंग उन्हानं सुटंल, जाळ्याला लागंल, मंग पाण्यात जाईल. खरा मासा काय खाईल?” मुलांनी तो खडक रिकामा समजला होता. तो रोज वापरात होता.

थोडे पुढे गेल्यावर एक टिटवी ओरडत आमच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली. दादांनी हात करून मुलांना थांबवले. खडीत, उघड्यावर, दगडांच्याच रंगाची चार ठिपकेदार अंडी होती. टिटवी घरटे बांधत नाही, दगडांत दगडासारखी अंडी घालते. दगडावर दगड रचून मनोरे करणाऱ्याला हे कळतही नाही की त्याने उचललेल्या दोन दगडांमध्ये काय होते. त्या मनोऱ्यांना आपण “काहीच खर्च नाही, काहीच नुकसान नाही” असे म्हणतो.

मुलांचा मासा शेवटी झाला. पाणी मागे सरल्यावर उघड्या पडलेल्या, भेगाळलेल्या गाळावर, दादांनी दाखवलेल्या जागी. शिंपले, वाळलेले गवत आणि जाळ्यांचे टाकून दिलेले बुरूड यांचा. शेपटीपासून तोंडापर्यंत वीस पावले. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला, बुरुडाचे तुकडे वेचून परत आणले, आणि बाकीचा मासा तेथेच राहू दिला. पावसाळ्यात जलाशय वर चढला आणि मासा पाण्यात गेला. एका मुलाने विचारले, “मॅडम, एवढी मेहनत वाया गेली ना?” त्याच्या शेजारच्या मुलीनेच उत्तर दिले, “ईदची मेहंदी पण आठ दिवसांत जाते. म्हणून कुणी वाईट काढतं का?”

ब्रिटनमधला अँडी गोल्ड्सवर्दी नावाचा कलाकार आयुष्यभर असेच काम करत आला आहे. गळून पडलेली पाने, बर्फाचे तुकडे, काटक्या यांतून तो रानातच आकृती करतो, फोटो काढतो आणि वाऱ्या-पावसाच्या हवाली करतो. आपल्या डहाणू-पालघरकडच्या वारली घरांतही चित्र आपल्याच कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने काढतात. भिंत पुन्हा सारवली की चित्र पुन्हा काढायचे.

मुलांना काय सांगावे

कलेला रानातून हाकलून लावावे, असे मला वाटत नाही. रानात जाऊन ज्याला काही करावेसे वाटते, त्याचे मन जिवंत आहे. पण ज्या जागेत आपण राहत नाही, जी आपल्याआधी होती आणि आपल्यानंतर राहणार आहे, तेथे कायमचे काही करण्याचा हक्क आपल्याला नाही. ती जागा आपल्याकडे अमानत म्हणून आलेली आहे. अमानत वापरता येते, तिच्यावर आपले नाव घालता येत नाही.

म्हणून मुलांनी रंग किंवा छिन्नी हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असे मी वर्गात सांगते. हे पुढच्या पावसाळ्यानंतर राहील का? राहणार असेल तर नको. या जागेचा रोज वापर करणारे कोण, त्यांना विचारले का? यात गुराखी, भोई आणि टिटवी तिघेही येतात. आणि तिसरा प्रश्न: हे पाहणाऱ्याला जागा जास्त दिसेल की मी? पंख रंगवून त्यापुढे फोटो काढणाऱ्याने या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःशी द्यावे.

संरक्षित स्मारकांच्या बाबतीत तर प्रश्नही विचारायचे नाहीत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा ही सगळी त्यात येतात. घरातल्या तरुण मुलाला हे जेवताना एकदा सांगून ठेवा. खडूने लिहिले काय आणि खिळ्याने कोरले काय, “गंमत केली” हे कारण तेथे चालत नाही. पण पोलिसांच्या धाकाने वळलेला हात धाक संपला की पुन्हा सरसावतो. म्हणून घरातून वळण लागलेले बरे.

त्यासाठी एक सोपा उपाय आहे. सहलीला निघताना डब्याच्या पिशवीत एक कोरी वही आणि दोन पेन्सिली ठेवा. प्रत्येक ठिकाणी मुलाला अर्धा तास एका जागी बसू द्या. एक कमान, एक खांब, एक दगड, जे आवडेल ते त्याने पाहून उतरवावे आणि खाली तारीख आणि आपले नाव लिहावे. तेथे नाव जरूर लिहावे, कारण ते पान त्याचे आहे. अर्धा तास पाहिल्यावर त्याला जे दिसेल, ते अर्ध्या मिनिटात नाव कोरणाऱ्याला कधीच दिसत नाही. हैदराबादचे सय्यद अहमद अजिंठ्याच्या अंधारात हेच करत बसले होते. त्यांनी भिंतीवर एक रेघही ओढली नाही, आणि तरी त्यांच्या हातून अजिंठा दूरदेशीच्या माणसांपर्यंत पोहोचला.